सहा आणि आठ

…आणि वर शेजारी मलाच विचारतात, "मारुतीराव, येतं ना तुम्हाला हे?" मला! अहो, बावीस वर्षं कपलिंग जोडतोय मी. बोईसरच्या कारखान्यात पन्नास हॉर्सपॉवरची मोटर आणि माणसाएवढा पंप, ह्यांच्या दांड्या एकमेकींना जोडायच्या, त्याही केसाचा फरक न ठेवता, हेच माझं काम. आणि तुम्हाला सांगतो, घरी लिंबाएवढी मोटर एका आट्यांच्या रॉडला जोडता येईना.

कशाला जोडायची म्हणाल, तर सासूबाईंसाठी. रत्नाबाई त्यांचं नाव. न्हाणीत पडल्या, कंबर मोडली, अडीच महिने पाठीवर. हिला, म्हणजे भाग्यश्रीला, एकटीला त्यांना उठवून बसवता येत नाही, मी कामावर, म्हणून चहासुद्धा आडव्यानं, नळीनं. ज्या बाईचा आवाज अख्ख्या सालवड गावाला पाठ, ती पंख्याकडे बघत गप्प! मी चहात दोन-दोन चमचे साखर घालतो, मला शुगर आहे, तरी कोणी ओरडत नाही… आणि खोटं नाही सांगत, तो चहा काही गोड लागत नव्हता.

म्हटलं, खाटेची डोक्याकडची फळी वर उचलणारं यंत्र करू. खाली आट्यांचा रॉड, त्यावर नट, रॉड फिरला की नट सरकणार, फळी वर. रॉडच्या दोन्ही टोकांना बेअरिंग लावली, भार सगळा त्यांच्यावर, मोटरनं नुसतं फिरवायचं. राहिलं काय? मोटरची दांडी सहाची, रॉड आठाचा, मध्ये एक कपलिंग. बावीस वर्षं कपलिंग जोडतोय मी, हातचा मळ!

उमरोळीला मेहुलभाईचा लोखंड कातायचा लेथ आहे, त्याला कारखान्यातून फोन केला, मागे पंपांचा गोंगाट. "मेहुलभाई, एका बाजूला सहाचं भोक, दुसऱ्या बाजूला आठाचं." तो म्हणाला, "हो जायेगा." चार दिवसांनी आणायला गेलो तर हातात काय दिलं? पाणी प्यायचा पेला! हा माणूस जन्मभर सुतात मोजतो, सहा म्हणजे सहा सूत, आठ म्हणजे आठ सूत, म्हणजे अख्खा एक इंच! मी म्हणतो, "अरे, मिलिमीटर!" तो म्हणतो, "तो बोलना था ना." आता त्यात हिचं लाटणं उभं राहतं, अगदी नीट, न डगमगता.

दुसरं केलं, बरोबर मापाचं. लावलं, बटण दाबलं, तर रॉड फिरतोय आणि मोटर नाचतेय! बाजारचा रॉड, किंचित वाकडा असणारच. मी कारखान्यातून केसाएवढा फरक दाखवणारा डायल गेज आणला, तीन रविवार खाटेखाली उताणा पडून दांड्या एका रेषेत आणल्या, हिनं माझं जेवणही खाटेखाली सरकवलं. पुन्हा बटण दाबलं. फळी दोन बोटं वर गेली, खाट थरथरली, गचका, मोटर तापून बंद, जळका वास. वरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पोचले का मी वर?" त्या अडीच महिन्यांतला तो पहिला विनोद. ही हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. मलाही गलबलून आलं, पण मी खाटेखाली होतो, बरं झालं.

तेवढ्यात दारात शकू. दातिवऱ्याची, मासळी घेऊन येते, नवऱ्याची बोट आहे. पाटी उतरवली, वाकून खाटेखाली बघितलं. "काय चाललंय भाऊ?" मी सगळं सांगितलं, गेजसकट. ती म्हणाली, "मंग एवढं कडक कशाला जोडलंय? आमच्या बोटीवर डिझेलची रबरी नळी हाय ना, तिचा तुकडा चढवा, दोनी बाजूंनी क्लिपा आवळा. वाकडं असलं तरी चालतंय. बोटीवर सरळ काय हाय?"

आता मी हसायला तोंड उघडलं… आणि तसंच उघडं राहिलं. अहो, आमच्या पंपाच्या कपलिंगमध्येसुद्धा रबरच असतं! दर तीन महिन्यांनी ते रबर बदलतं कोण? मी! बावीस वर्षं कपलिंग जोडतोय मी, आणि रबर कशासाठी असतं हे बोंबीलवालीनं सांगायचं?

दुसऱ्या खेपेला शकूनं नळी आणली, बोटभर. गरम पाण्यात बुडवली, रॉडवर चढवली, इकडे मोटरवर सरकवली, क्लिपा आवळल्या. गेज नाही, रेषा नाही. बटण दाबलं. रॉड वाकडा फिरतोय, नळी हलके हलके डुलतेय, मोटर जागच्या जागी गप्प, आणि फळी… फळी वर! सासूबाई वर! एक वीत, दोन विती, पाठ टेकून सरळ बसल्या! शेजारपाजारचे टाळ्या वाजवतायत, ही माझा हात सोडत नाही, शकू म्हणतेय, "बोलले नव्हते का मी?" तुम्हाला सांगतो, पन्नास हॉर्सपॉवरचा पंप चालू केला तेव्हासुद्धा छाती इतकी फुगली नव्हती.

ह्या आनंदात मी सगळ्यांना चहा ओतला, माझा कप घेतला, साखरेचा डबा उघडला. सासूबाईंनी मान वळवली. पंखा नाही, भिंत नाही, अडीच महिन्यांनी थेट स्वयंपाकाचा ओटा दिसला त्यांना.

"मारुतीराव, तो चमचा खाली ठेवा."

ठेवला. बावीस वर्षं कपलिंग जोडतोय मी… तेव्हापासून चहा बिनसाखरेचा.