टूम बाख

जनावरांच्या दवाखान्यात कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या मेइनिरनं कान टवकारले.

"इद्वालकाका, तुमचा टूम बाख गाभण आहे!" नर्स मांजर घेऊन आलेल्या शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होती.

"काय सांगतेस, पोरी!"

"आता 'बाख' चालणार नाही. वेल्श ना तुम्ही? लहानगा तो बाख, लहानगी ती वाख."

"आमचा आयरिश जावई त्याच्या भाषेत 'टूम बेग' म्हणतो, तरी येतं की मांजर."

"विषय बदलू नका. वाख म्हणा."

"नाव माझ्या बायकोनं, नेस्टानं ठेवलंय, जायच्या आधी. मलाही बाखच म्हणायची. हाक मारली की आम्ही दोघंही धावत यायचो. आता हिचं बदललं, तर घरात बाख म्हणू कुणाला?"

नर्सनं मांजराची टोपली उचलली.

"चला हो, टूम बाख बाई."