सहा मिलिमीटर

सायकलच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक थकलेले गृहस्थ होते. हातात धाकट्या मुलीची डोंगरी शर्यतीची सायकल आणि एक नवं मागचं चाक. दुकानातल्या मेकॅनिकने चाक फ्रेमला लावून पाहिलं.

"काका, हे बसणार नाही. चाकाचा ॲक्सल, म्हणजे मधला दांडा, एकशे बेचाळीसचा आहे, फ्रेमला एकशे अठ्ठेचाळीसचा लागतो."

"सहाच मिलिमीटर ना? आवळून बघ की."

"आवळलं तर उतारावर फ्रेम दगा देईल. माप कशावरून घेतलंत?"

"थोरलीच्या सायकलवरून. म्हटलं, दोघींच्या सारख्याच."

"तिची जुनी असेल. मधे मापं बदलली."

"बरोबर माप मागवलं तर?"

"आठवडा लागेल."

"धाकटीची शर्यत रविवारी आहे रे."

"मग रविवारपुरती थोरलीचीच सायकल द्या. घरातच आहे ना?"

"आहे. पण वर्ष झालं, दोघी बोलत नाहीत."

"तुमच्याशी बोलतात ना?"

"बोलतात. एकमेकींचा विषय सोडून."

"मग काय करायचं?"

"हे चाक जरा धर. फोन लावतो."

"धाकटीला?"

"थोरलीला. मागायचं तिच्याकडे आहे."

"काय सांगणार?"

"खरं तेच. माझं माप चुकलं."