नाक दाबून प्यायलेलं दूध

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, पारनेरच्या बाजूचं, आणि आता तुम्ही म्हणाल की पारनेरची बाई इथं जपानात, सेंदाईत कशी येऊन पडली, तर ते सांगतेच, पण आधी चहा घ्या. दूध वेगळं ठेवलंय बघा, आमच्या घरात चहात दूध आधी ओतत नाहीत, का ते पुढं येईल. तर मी बहात्तरच्या दुष्काळातली पोर. त्या साली आमच्याकडं काही म्हणजे काही पिकलं नाही, वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. काय सांगू तुम्हाला, तिची भाकरी थापता थापताच चिरायची, आई गरम पाण्यात मळून बघायची, उकड काढून बघायची, पण ती बया तव्यावर पडायच्या आत मोडायची. वडील म्हणायचे, ही तिकडं डुकरं खातात, आणि असं म्हणून आणखी एक तुकडा मागून घ्यायचे. भूक होती ना.

आणि शाळेत दूध, तेही अमेरिकेचंच, पावडरचं. भलंमोठं पातेलं चुलीवर, गुरुजी पळीनं ढवळतायत ढवळतायत, तरी वर गुठळ्या आणि खाली करपलेलं, आणि आम्ही आपापला पेला घेऊन रांगेत. तो वास! नाक दाबायचं, डोळे मिटायचे आणि एका दमात गिळायचं, हीच रीत, सगळ्यांची. गुरुजी म्हणायचे, प्या गं, अमेरिकेतून बोटीनं आलंय, तर आम्ही मागनं म्हणायचो, मग बोटीतच नासलं असेल. पण खोटं कशाला बोलू, कधीमधी तिथल्याच भरडलेल्या गव्हाची गूळ घालून लापशी व्हायची, आणि त्या दिवशी शाळेत एकही पोर गैरहजर नसायचं.

पुढं वडलांना पुण्यात कारखान्यात काम लागलं, आम्ही सगळे पुण्याला आलो, तिथं मी संध्याकाळच्या वर्गाला जपानी शिकले. का शिकले? तर वर्ग घराजवळ होता म्हणून, दुसरं काही नाही. मग एका कंपनीत दुभाष्याचं काम मिळालं आणि तिथं हे मशिनी बसवायला आले, हिरोशी. झालं मग. आई रडरड रडली आणि शेवटी म्हणाली, तिकडं पोटभर खायला मिळतं ना, मग जा. अशी मी इथं आले. इथं डब्याच्या दुकानात कामाला लागले, बेंतो म्हणतात इथं डब्याला, आणि अजून जाते, सकाळी भात भरायला.

घरात आम्ही दोघं आणि ओकासान. ओकासान म्हणजे आई, माझी सासू. बाई वाईट नव्हती हो, पण बोलायची नाही. मी केलेलं जेवायची, भांडी घासून झाली की दारात उभी राहून विचारायची, निर्मला-सान, उद्या काय? सान म्हणजे आपलं बाई, आणि उद्या काय म्हणजे उद्या जेवायला काय. बास, संपलं बोलणं. माझा असा तिळपापड व्हायचा, आजचं बरं झालं होतं म्हणून एक शब्द नाही आणि हिला उद्याची पडलीय! रोज, बरं का, रोज.

त्यात पहिल्याच हिवाळ्यात काय झालं, तिला खोकला झाला. मी आपली आपल्या पद्धतीनं हळद घालून गरम दूध नेलं, पेला पुढं केला, तर तिनं वास घेतला, चेहरा पांढराफटक, आणि पेला तसाच ट्रेमध्ये ठेवून उठून गेली. मनात म्हणलं, असं आहे होय, मी शिजवलेला भात चालतो, पण मायेनं काही दिलं तर ते नको. परकी ती परकीच. हे माझ्या मनात तीसेक वर्षं बसून राहिलं बघा. लेक झाली, मीना, ती मोठी झाली, क्योतोला नोकरीला गेली, तरी तो पेला काही मनातून गेला नाही.

मग गेल्या वर्षी ओकासानला न्यूमोनिया झाला. बरी झाली, घरी आली, पण खाणंच टाकलं तिनं. पेज नको, भात नको, सूप नको. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत तोंडानं खायला लागल्या नाहीत तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल, विचार करून ठेवा. ताकदीसाठी म्हणून दुधासारख्या पेयाचे डबे दिले, तेही घेईना, ओठ घट्ट. आणि संध्याकाळी घर कसं गप्प. उद्या काय म्हणून विचारणारं कुणी नाही. ज्या प्रश्नाचा मला राग यायचा, त्याच्याचसाठी मी भांडी घासताना कान लावून बसायचे. हे म्हणाले, दमली असेल गं आई, तिला नकोच असेल आता. मला असा संताप आला, म्हणलं, नको कसं? मी नाही नळी घालू देणार! मोठ्या तोंडानं म्हणाले खरी, पण करणार काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी परत एक डबा फोडला, पेल्यात ओतलं, कसंय बघावं म्हणून वास घेतला आणि अहो, तोच वास! गुरुजींच्या पातेल्यातला! माझा हात आपोआप नाकाकडं गेला, नाक दाबलं, डोळे मिटले. उघडून बघते तर ओकासान माझ्याकडं टक लावून बघतेय. आणि तिनं पांघरुणातून हळूच हात काढला आणि आपलं नाक दाबलं. अशी हसली, अशी हसली, खोकला येईस्तोवर! म्हणाली, तू पण?

म्हणलं, मी पण, आमच्या शाळेत. तिनं विचारलं, अमेरिकेचं? हो, अमेरिकेचंच. मग ती थांबत थांबत बोलायला लागली. लढाईत अमेरिकेच्या विमानांनी हे सेंदाई जाळलं तेव्हा ती लहान होती, आईचा हात धरून नदीकडं पळाली, परत आली तर घराच्या जागी राख. आणि पुढं शाळेत त्याच अमेरिकेचं दूध. म्हणाली, ज्यांनी घर जाळलं त्यांचंच दूध प्यायचं आणि प्यावं तर लागायचं, कारण पोटात काही नसायचं. त्या दुधापेक्षा मला माझ्या भुकेचीच लाज वाटायची. त्या हिवाळ्यात तू पेला आणलास आणि तो वास आला गं. तुझ्यावर राग नव्हता.

मी म्हणलं, अहो मग सांगायचं नाही का, तीस वर्षं! तर म्हणते कशी, तू विचारलंस कुठं? मी रडत होते आणि हसत होते. तेव्हापासून आमच्याकडं चहात दूध आधी ओतत नाहीत, ज्याला वास चालतो त्यानं वरून घ्यावं.

मग म्हणलं, शाळेतलं काहीच आवडायचं नाही का तुम्हाला? तर म्हणाली, तळलेला पाव, वर साखर, कधी सोयाबीनचं भाजलेलं पीठ, त्याच्यासाठी जीव टाकायचो. आता तळलेलं तिला गिळायचं कसं? पण माझ्या डोक्यात लापशी आली. पुण्याहून आणलेला दलिया होता घरात, अगदी मऊ शिजवला, इथला काळा गूळ घातला आणि वरून ते सोयाबीनचं पीठ भुरभुरवलं. उशा लावून बसवलं तिला. पहिला चमचा तोंडाशी नेला. ओठ उघडले तिनं. गिळलं. मग दुसरा. वाटी नाही संपवली, पण वाटीकडं बघत राहिली.

मीनाला फोन केला तर ती जपानीतच सुरू झाली, ती इतिहास शिकवते ना, म्हणाली, आई, अमेरिकेकडं गहू शिल्लक होता, देश आपल्या बाजूला ठेवायचे होते, म्हणून पाठवायचे, आणि म्हणून तर इथं घरोघरी सकाळी पाव आला. असेल बाई, तू शिकलेली आहेस. त्यांनी काही का हिशेब केला असेना, नगरची पोर आणि सेंदाईची पोर एकाच दुधाला नाक दाबतात आणि म्हातारपणी एका घरात हसतात, हे काही त्यांनी ठरवलं नव्हतं.

चार-पाच दिवस गेले, वाटी संपायला लागली, लापशीवरनं पेजेवर आलो, पेजेवरनं मऊ भातावर. एका संध्याकाळी मी भांडी घासत होते, नळ चालू होता, आणि आतून बारीक आवाज आला, निर्मला-सान, उद्या काय? मी नळ बंद केला. परत विचारलं तिनं, उद्या काय? मी तिथंच ओट्याला धरून रडले हो.

तपासणीला डॉक्टर म्हणाले, नळी नको. आता काठी धरून दारापर्यंत येते आणि रोज विचारते, आणि मी मुद्दाम पटकन सांगत नाही, जरा वाट बघायला लावते. तुम्ही एकटे राहता ना इथं? कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातलं थंड काहीतरी गिळता आणि लॅबमध्ये पळता, कळतं मला चेहऱ्यावरनं. जेवून जा आज. आणि माझा आशीर्वाद घ्या, संध्याकाळी उद्या काय म्हणून विचारणारं माणूस तुम्हालाही मिळू दे, आणि त्याचा राग आला तरी त्याला उत्तर देत जा.