पन्नास भोकांची फळी

तुम्हीच सांगा, दोन माणसांच्या घरात पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या किती असाव्यात? शंभर? दोनशे? आमच्याकडे कॉफीचे एकतीस डबे आहेत, काठोकाठ, आणि कपडे धुवायच्या मशीनमध्ये सापडतात त्या वेगळ्याच. दर गुरुवारी क्लबात नेमबाजी झाली की बाकीची माणसं आत जाऊन केक खातात, कॉफी पितात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात, आणि माझा नवरा डेल्मर उलटी टोपी हातात धरून वाकून वाकून पितळी पुंगळ्या वेचतो. कशाला? तर एक दिवस यंत्र घ्यायचं आणि घरीच काडतुसं भरायची. हा एक दिवस चाळीस वर्षं येतोय. मी कधी काही बोलले? नाही. मी नुसती शेजारी उभी होते.

मग या शरद ऋतूत दुकानातली मांडणी रिकामी झाली, त्याच्या मापाची काडतुसं मिळेनात, आणि डेल्मर म्हणाला, "आर्डिस, आता यंत्र घेऊ." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू... त्याचं जरा... म्हणजे गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली होती, त्याने ओव्हनमध्ये केलेल्या कॅसरोलमध्ये मीठ दोनदा पडलं होतं, असलं काहीतरी. म्हटलं, हाताला काम असलं की डोकं ताळ्यावर राहतं. असं म्हणतात ना? कोण म्हणतं ते मात्र विचारू नका.

तर आम्ही ट्रूडीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. ट्रूडी सत्तरीची, गल्ल्यामागे बसून मोजे विणते, आणि बंदुकीतलं तिला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या गावाला कळत नाही. नेमका क्लेटन तिथे. क्लेटन म्हणजे डेल्मरचा शाळेपासूनचा मित्र. ज्याला कुणी काही विचारत नाही आणि जो सगळं सांगतो, असा मित्र प्रत्येक नवऱ्याला एक असतोच. "डेल्मर, ते फिरतं यंत्र घे बाबा. दांडा ओढला की काडतूस, दांडा ओढला की काडतूस, तासाला चारशे." ट्रूडीने सुईवरून नजरसुद्धा उचलली नाही. "क्लेटन, तुझ्याकडे ते फिरतं यंत्र आहे ना? त्याच्यावर आता काय ठेवतोस?" "...कुंडी." "हं. डेल्मर, नवशिक्याने साधं यंत्र घ्यावं. एका वेळी एकच."

मग सुरू झाली बघा यादी. साधं यंत्र. तराजू, तोही काट्याचा की आकडे दाखवणारा, यावर तिघांची पाऊण तास चर्चा. आमचं लग्न यापेक्षा लवकर ठरलं होतं. एक पुस्तक, आणि पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा कणभरही जास्त बंदुकीची दारू पुंगळीत घालायची नाही. आणि पन्नास भोकांची एक लाकडी फळी. "ही कशाला?" मी विचारलं. दिवसभरात तेवढंच विचारलं हो मी.

ट्रूडीने विणकाम खाली ठेवलं. "बाई, पुंगळी मोठी असते आणि दारू लागते चिमूटभर. चुकून दोनदा घातली तरी सांडत नाही, वरून काही कळत नाही. कळतं ते पिस्तूल हातात फुटल्यावर. म्हणून पन्नास पुंगळ्या फळीत उभ्या करायच्या, दारू घालायची, आणि वर गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून एकेकीत डोकावायचं. सगळीकडे सारखीच दिसली पाहिजे." मग डेल्मरकडे वळून, "काम करताना घरात कुणी बडबड करतं का?" डेल्मरने माझ्याकडे बघितलं. क्लेटनने बघितलं. मी? मी नुसती शेजारी उभी होते.

तर मला काम मिळालं बॅटरी धरायचं. गॅरेजमध्ये, रेडिओ बंद, तोंड बंद. आणि तुम्हाला सांगते, पहिले तीन रविवार छान गेले. चर्चमधून यायचं, सूप प्यायचं, गॅरेजमध्ये जायचं. तो दांडा ओढायचा, मी उजेड पाडायची. चाळीस वर्षांत आम्ही इतका वेळ एकमेकांशेजारी उभे राहिलो नव्हतो.

चौथ्या रविवारी त्याने दारू घातली, मी बॅटरी धरली, तो पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "ठीक आहे." आणि तिसऱ्या ओळीत एक अर्ध्याच्या वर भरलेली, तिच्या शेजारची कोरडी ठणठणीत. मला दिसलं. मला, जिला सुईत दोरा ओवता येत नाही. मी म्हटलं, "पुन्हा बघ." तो म्हणाला, "बघितलं की." मी उजेड तिथेच धरून ठेवला. हात दुखला तरी हलवला नाही.

मग त्याला दिसलं. त्याने सगळी दारू परत बाटलीत ओतली, पहिल्यापासून घातली, मोजून, ओठ हलवत. पुन्हा एका पुंगळीत दोनदा पडलेली. या वेळी पाचव्या ओळीत.

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "ते कॅसरोल. मीठ दोनदा पडलं होतं ना?"

"हो."

"तू खाल्लंस."

"खाल्लं."

"बोलली नाहीस."

"काय बोलणार? नुसतं खारट होतं."

"हे खाता आलं नसतं, आर्डिस," तो म्हणाला, आणि बॅटरी माझ्या हातातून घेऊन बंद केली.

मला वाटलं, संपलं. यंत्र ट्रूडीकडे परत जाणार, गुरुवार जाणार, एकतीस डबे भंगारात जाणार, आणि हा खिडकीत बसणार. मी त्या रात्री सूपसुद्धा गरम केलं नाही, आम्ही बिस्किटं खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये स्टूल माझ्या उंचीइतकं खाली केलेलं होतं, पुस्तक उघडं, त्यावर माझा चष्मा. मी पन्नास पुंगळ्या भरल्या, एका वेळी एकच, आणि डेल्मर बॅटरी धरून नुसता शेजारी उभा होता.