चोवीस रिकामी मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे विभागप्रमुख साहेब, कामगार संघटनेच्या सचिव ताई, डायल विभागातले माझे सगळे ताई-दादा, आज दुकान बंद ठेवून आलेले माझे आईबाबा, आणि जिच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो ती आमची मावशी, जिनं व्यासपीठावरची खुर्ची नाकारली आणि दिव्यांपासून लांब, तिसऱ्या रांगेच्या टोकाला जाऊन बसली. सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब म्हणाले, दोन चांगले शब्द बोल, एखादा विनोद कर आणि बस. प्रयत्न करते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली आणि सभेत उभी राहणारीही पहिलीच. बाबांनी सकाळी माझ्या या कागदांच्या घडीवर इस्त्री फिरवून दिली. शिंप्याचं घर आहे, आमच्याकडून चुरगळलेलं काही बाहेर जात नाही.

आधी विनोद करून घेते, कारण पुढे जमेल असं वाटत नाही. मावशींना मावशी का म्हणतात, हे नव्या लोकांना ठाऊक नसेल. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. मावशी एकोणतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसल्या, आणि तेव्हाचे फोरमन सदा गुरगुरणारे. त्यांना तोंडावर उत्तर देणाऱ्या या एकट्याच, आणि अंधारात दिसणाऱ्याही या एकट्याच. झालं नाव. वाघ निवृत्त झाले, मावशी मागे राहिल्या.

आता ती खोली. डायल विभागाच्या शेवटी, काळ्या कापडाच्या दोन पडद्यांमागे, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. एक टेबल, दोन स्टुलं. बाहेर दिव्याच्या पेटीत डायलचा ट्रे मिनिटभर ठेवायचा, म्हणजे काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा रंग उजेड पिऊन घेतो. मग ट्रे आत. मावशी एकेक डायल बघायच्या. कुठे रंग पातळ, कुठे एखादा ठिपका मंद, तर ती डायल पालथी. बोलायचं काही नाही, लिहायचं काही नाही. पालथी म्हणजे पालथी. आपल्या कंपनीची घड्याळं काळोखात फसवत नाहीत असं लोक म्हणत, ते या पालथ्या डायलींमुळे.

पण उजेडातून आत गेल्या गेल्या कोणाला काही दिसतं का? नाही. आधी डोळा बसावा लागतो. हा आपल्याच विभागाचा शब्द. शिवणाऱ्याचा हात बसतो, तसा इथे डोळा बसतो. सकाळी एकदा, दोन्ही चहांनंतर, जेवणानंतर, असं दिवसातून चार वेळा नुसतं काळोखात बसून राहायचं. दहा मिनिटं, अशी जुनी रीत. तेवढ्यात काडी जरी पेटली तरी पुन्हा पहिल्यापासून.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले, आणि पहिलंच काम मिळालं ते कोणत्या खोलीत किती वेळ वाया जातो ते मोजायचं. मला फार आनंद झाला होता. शिकलेल्या माणसानं कारखान्यात काहीतरी चांगलं बदलावं, असं मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. स्टॉपवॉच घेऊन मी मावशींच्या शेजारच्या स्टुलावर अकरा दिवस बसले.

पहिल्या दिवशी किती वेळ झाला ते बघायला मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. त्याचा दिवा पांढरा.

“काय केलंस गं?” मावशी म्हणाल्या.

“वेळ बघितली.”

“वेळ बघितलीस आणि डोळा घालवलास. तुझा गेला तर गेला, माझाही. बस आता पुन्हा.”

दुसऱ्या दिवसापासून मी शहाणी झाले. ओढणीखाली धरून बघायला लागले. त्यांना कळत नाही असं मला वाटायचं. काळोखात एकोणतीस वर्षं बसलेल्या बाईला आपल्या ओढणीतून झिरपणारा उजेड कळणार नाही, असं एका पदवीधर मुलीला वाटलं. यावर हसायचं तर हसा.

नुसतं बसून झोप येते म्हणून मावशी गोष्टी सांगायच्या. शेजारणीच्या, वाघाच्या, स्वतःच्या लग्नात नवऱ्याचं घड्याळ उलटं बांधलं गेल्याची. एक गोष्ट सासूबाईंची होती, ती मी आज सांगणार आहे.

कंपनीच्या वर्धापनदिनी सगळ्यांना घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मनगटी पट्टा, म्हणजे पट्ट्यातच बसवलेलं घड्याळ, भेट मिळाला होता. बटण दाबलं की डायल टॉर्चसारखी पांढरी लखलखायची. सासूबाईंना तो फार आवडला, शेजारणींना दाखवत फिरायच्या. एके दिवशी पहाटे जाग आली, बटण दाबलं, पाच वाजले होते, म्हणून उठल्या. घर तेच, उंबरा तोच. चाळीस वर्षं त्या काळोखातून न चुकता चालत आल्या होत्या. पण डोळ्यांत ते पांढरं भगभगीत राहिलं होतं. उंबऱ्यावर पडल्या. खुबा मोडला. चार महिने अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या.

“घड्याळानं वेळ दाखवली आणि वाट घालवली,” मावशी म्हणाल्या. मी ओढणीखाली हात नेला होता, तो तसाच राहिला. त्याच पुढे म्हणाल्या, “अंधारातल्या माणसाला उजेड हवा असतो, असं उजेडातल्या माणसांना वाटतं. त्याला नुसती कड दिसली तरी पुरते. कड दिसली की मधलं कळतं.”

सभागृहातल्या बहुतेकांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. ज्या पट्ट्यासाठी गेल्या वर्षी कंपनीला बक्षीस मिळालं, ज्याची डायल मधून उजळत नाही, फक्त काठावर एक बारीक तांबूस रेघ हळूहळू उमटते आणि बघणाऱ्याचा डोळा घालवत नाही, तो पट्टा मी बनवला. सर्किट माझं, काठातली काचेची पट्टी माझी, सतरा नमुने जाळले तेही मीच. पेटंटच्या अर्जावर संशोधक म्हणून दोन नावं आहेत, साहेबांचं आणि माझं. साहेबांनी मला संधी दिली, ते मी विसरलेले नाही. पण तिसरं नाव तिथे नाही, आणि खरं तर ते पहिलं असायला हवं होतं. अर्ज भरला तेव्हा मला कोणी अडवलं नव्हतं. मला ते सुचलंच नाही. गोष्ट सांगणारी बाई आणि शोध लावणारी बाई एकच असू शकते, हे आमच्या पुस्तकांत नव्हतं.

आणि त्याच्या कितीतरी आधी, ते अकरा दिवस संपले त्याच महिन्यात, मी तो वेळमोजणीचा अहवालही दिला होता. त्यात तीन रकाने होते: काम, हालचाल, रिकामा वेळ. अंधारखोलीपुढे मी लिहिलं, दर खेपेला सरासरी चोवीस मिनिटं रिकामी. चार खेपा, म्हणजे दिवसाला दीड तासाच्या वर. मी प्रामाणिकपणे मोजलं होतं. प्रामाणिकपणे चुकीचंही मोजता येतं, हे मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत कॅमेरा आला. कॅमेऱ्याचा डोळा बसावा लागत नाही. मावशी पॅकिंगला गेल्या, ट्यूबलाइटखाली. खोलीत आता रिकामी खोकी आहेत. पडदे तेवढे अजून आहेत.

बक्षिसाची पाटी बाबांनी शिलाई मशीनच्या वर टांगली होती. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की त्याला आधी ती पाटी वाचावी लागायची. महिन्यापूर्वी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, “कापड कोणी बेतलं?”

“मावशींनी.”

“शिवलं कोणी?”

“मी.”

“मग आधी बेतणाऱ्याचं नाव.” आणि त्यांनी पाटी उतरवली. रागानं नाही. खिळा अजून भिंतीत आहे.

परवा मी मावशींच्या घरी गेले. अर्जात नाव वाढवण्याचा फॉर्म सोबत होता. आणि माफी मागायची होती. मी सांगून टाकलं की ती चोवीस मिनिटं माझ्या स्टॉपवॉचची होती. मी ओढणीखाली बटण दाबत राहिले, म्हणून तुमचा डोळा बसत नव्हता, आणि मी ते तुमच्या नावावर लिहिलं.

मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “थोडी असतील तुझी. सगळी नाहीत. माझाच डोळा बसेनासा झाला होता, पोरी. दहाची पंधरा झाली, पंधराची वीस. म्हणून तर गोष्टी लांबवत होते. म्हातारी बडबडी आहे असं वाटलं तर चालेल, म्हातारीला दिसत नाही असं वाटायला नको.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं आहे की नजरेचा मधला भाग झिजत चालला आहे. तो परत येणार नाही. हे त्यांनी घरच्यांपासूनही लपवलं होतं. डोळा पूर्ण बसेपर्यंत मात्र त्यांनी एकही डायल हातात घेतली नाही. डोळा बसेनासा झाल्यापासून खोली बंद होईपर्यंत दीड वर्ष गेलं, त्यातली एकही डायल तक्रार होऊन परत आली नाही. मी नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या.

हे चारचौघांत सांगू का, असं मी विचारलं. म्हणाल्या, “सांग की. आता काय, कामावरून काढतील?”

मग मी फॉर्म पुढे ठेवला आणि त्यांचं बोट धरून सहीच्या रेघेवर टेकवलं. त्यांनी पेन घेतलं आणि मान दाराकडे वळवली. मला वाटलं, सही करायची नाहीये. पण दाराकडे बघत बघतच त्यांनी सही केली, सावकाश, अगदी रेघेवर. म्हणाल्या, “सरळ बघितलं की रेघ जाते. बाजूला बघितलं की येते.” मग विचारलं, “यानं खोली उघडेल?”

मी म्हटलं, नाही.

“बरं,” म्हणाल्या, आणि टोपण लावून पेन परत दिलं.

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोर टेबलावर भेटीचं खोकं आहे. त्यात तोच काठाचा पट्टा आहे. सोबतच्या माहितीपत्रकावर छापलं आहे, संशोधक दोन. मावशींना ती बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत. पण म्हणून ती तशीच राहू द्यावीत, असं मला वाटत नाही. खोक्याखाली निळी फाइल आहे. त्यात मावशींची सही आहे, माझी आहे. साहेबांची आणि कंपनीतर्फे आपली बाकी आहे. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. मी हे दालनात येऊन सांगायला हवं होतं. दोनदा आले, दोनदा बाहेरच्या बाकावरून परत गेले. इथे मावशी ऐकतात, म्हणून इथे बोलले.

मावशी, खोली मी परत देऊ शकत नाही. डोळेही नाही. अहवालातला तो एक शब्द मागे घेते. तुमच्या शेजारी बसून मी जे शिकले, ते सगळं त्या रिकाम्या वेळात शिकले.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला उभं राहू दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर पदरात घ्या. मला पाच मिनिटं दिली होती. मी किती घेतली ते पाहिलेलं नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, पण मी मुद्दाम बाजूला बघत बोलले. साहेब, जी काही जास्त झाली असतील, ती माझ्या नावावर लिहा. फक्त रिकामी लिहू नका.