शेवटी उतरायचं कुणी

झुंबरबाई : …आन मला घरातनं हाकललं. तुज्या बापानं. माज्याच घरातनं.

अमृत : हाकललं म्हणजे? आई, नीट सांग. आबा अंगावर आले का तुझ्या?

झुंबरबाई : छ्या. लय अदबीनं हाकललं. सांच्याला मी चुलीम्होरं भाकरी थापत हुते. हे आले, आन खोल्याखोल्यातनं फिरले, ‘कोन हाय का आत, कोन हाय का’ करत. मी म्हनलं, मी हाय. तर म्हनत्यात, ‘चला मावशी, बाहेर निगा, बंद व्हायची येळ झाली.’ हाताला धरून अंगनात काढलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आन बसले पायरीवर. तव्यावरची भाकर जळाली ती येगळीच.

अमृत : मग तू काय केलंस?

झुंबरबाई : काय करनार? बसले तुळशीपाशी. थंडी अशी, की दात वाजायला लागलं. लगीन होऊन ह्या घरात आले तवापास्नं मला कुनी ‘बाहेर निग’ म्हनलं नव्हतं. सासूनं बी न्हाई. आता ह्या वयाला मी पब्लिक झाले.

अमृत : आणि लेणीवर जाणं? ते तरी थांबलं का?

झुंबरबाई : थांबतंय कशाचं. लेणीच्या पहाऱ्यावरनं रिटायर होऊन इतकी वर्सं झाली, पन सकाळ झाली की डोईला टोपी, गळ्यात शिट्टी, आन चालले डोंगर चढून. साहेबानं खाकी परत घेतली, शिट्टी घ्यायची इसरला. गेल्या रविवारी कुना बाईनं दगडी हत्तीवर लेकरू बसवलं, तर ह्यांनी तिच्या कानाशी शिट्टी मारली. तिच्या नवऱ्यानं मोबाईलात पिच्चर काढला. समद्या कामशेतानं बघितला.

अमृत : मीपण बघितला.

झुंबरबाई : तू बी? बेंगलोरात?

अमृत : कुणीतरी पाठवला. त्यात तो माणूस आबांना म्हणतो… जाऊ दे.

झुंबरबाई : ‘येडा म्हातारा’ म्हनतो. बोल की. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?

अमृत : म्हणूनच फोन केलाय, आई. आम्ही येतोय. शनिवारी. मुलांना नाताळची सुट्टी आहे. पहाटेच्या विमानाने पुण्यात उतरायचं, तिथून गाडी सांगितली आहे. ऊन चढायच्या आत लेणीवर. स्नेहलला बघायचंय तिचे आजोबा कुठे काम करायचे ते. शाळेत सांगून बसलीय, आमच्या आजोबांची लेणी आहेत म्हणून.

झुंबरबाई : नात शहानी हाय. किती दीस ऱ्हानार?

अमृत : त्याच रात्री परत निघायचं.

झुंबरबाई : म्हंजी इमानात बसून यायचं, दगडं बघायची आन जायचं. दगडं दोन हजार वर्सं हितंच हायत, ती काय कुटं पळत न्हाईत. आई बी हितंच हाय. पन तिचं काय दोन हजार वर्सं चालायचं न्हाई.

अमृत : रजाच नाही गं. आणि हो, जेवणाचा घाट घालू नकोस. प्रेरणा म्हणत होती, हायवेवरून पार्सल घेऊ. तुला उगाच त्रास.

झुंबरबाई : सूनबाईला म्हनावं, नवं इंद्रायणीचं तांदूळ घरात येऊन पडल्यात. तुमी माज्या दारात डबं उघडून बसा, मी बघत बसते.

अमृत : दारात नाही यायचं, आई. सरळ लेणीच्या पायथ्याशी गाडी लावणार. तू आबांना घेऊन तिथेच ये. तू खाली गाडीत बस हवं तर, तुझे गुडघे…

झुंबरबाई : घरात पाय बी न्हाई ठेवायचा?

अमृत : वेळेचं गणित आहे सगळं. वर तासभर, फोटो, खाली उतरायचं, जेवायचं, निघायचं. आबा वेळेत उतरतील ना?

झुंबरबाई : तुजा बाप? त्यो जगाच्या मागनं उतरतो. तुज्या टायमाला मला कळा सुरू झाल्या, सुईन आली, गडी धावत वर गेला, ‘भिमाजी, चल, बाईचं काय खरं न्हाई.’ हे म्हनले, ‘वर पब्लिक हाय.’ तू दिवे लागायच्या आत झालास. बाप आला अंधार पडल्यावर, जाळीला कुलूप लावून. तवापास्नं मी बोलतीया, आन त्यो ऐकतुया.

अमृत : बरं. अजून एक कर. आबांची एक पिशवी भरून ठेव. तीनचार जोड कपडे, स्वेटर, त्यांच्या गोळ्या.

झुंबरबाई : लेणी बघाया चार जोड कशाला?

अमृत : वर वारा असतो ना.

झुंबरबाई : वाऱ्याला चार धोतरं लागत्यात? अमृत, मी चौथीत शाळा सोडली. अक्कल न्हवती सोडली.

अमृत : इथे एक चांगले डॉक्टर आहेत, अशाच आजाराचे. मी भेटून आलोय. आबांना घेऊन जातो, आई. घरातून न्यायला लागलो तर ते उंबरा ओलांडणार नाहीत, मागच्या वेळी खांबाला मिठी मारून बसले होते. पण लेणी म्हटलं की पाऊल उचलतात. उतरून दमले की गाडीत बसवायचं. झोप लागेल. जागे होतील तेव्हा पुण्यात.

झुंबरबाई : म्हंजी लेकीला दगडं दावायच्या नावाखाली बाप उचलायचा.

अमृत : चोर असल्यासारखं बोलू नकोस. दुसरा उपाय सांग. काल तुला बाहेर काढलं. उद्या आत ठेवून कुलूप लावलं, चूल पेटलेली असताना, मग?

झुंबरबाई : त्यो इचार मी बी केलाय. मला काय काळजी न्हाई असं समजतोस?

अमृत : मग तूही चल. किती वेळा सांगायचं?

झुंबरबाई : मी आलेवते एकदा. सैपाकाला बाई, धुन्याला बाई. मी भाकरी करते म्हनलं तर तुजी बायको म्हनली, ‘आई, तुम्ही बसा.’ सकाळी बसा, दुपारी बसा. बोलाया मानूस न्हाई, बोलले तर कळत न्हाई. चौथ्या दिशी परत आले, आन तवाच म्हनलं, ह्या लेकाच्या उंबऱ्याला परत पाय लावायची न्हाई. माजा शबुद हाय तो. कुरवंडे गावची लेक हाय मी.

अमृत : तिच्या मनात वाईट नव्हतं आई, ती तुला आराम…

झुंबरबाई : आराम मेल्यावर हाय की ढीगभर.

अमृत : मग आबांचं काय करू? तू सांगशील ते.

झुंबरबाई : …भरते पिशवी.

अमृत : त्यांना काही बोलू नकोस. कळलं तर शनिवारी बाहेरच पडणार नाहीत.

झुंबरबाई : न्हाई बोलत. फकस्त एक. तितं नेल्यावर शिट्टी काढून घेऊ नगंस. शेजारी वरडले तर वरडू देत.

अमृत : नाही काढणार. ठेवू?

झुंबरबाई : ठेव. ते आलेच.

(फोन बंद होतो. भिमाजी दारात उभे, गळ्यात शिट्टी.)

भिमाजी : कोन हाय का आत?

झुंबरबाई : मी हाय. आन आज मी बाहेर निगायची न्हाई. तव्यावर भाकर हाय.

भिमाजी : निगू नगा. अजून टाईम हाय बंद व्हायला. बसा निवांत. कुनासंगं बोलत हुता?

झुंबरबाई : लेकासंगं. अमृतसंगं.

भिमाजी : माजा बी एक अमृत हाय. बेंगलोरला असतो. लय शिकला.

झुंबरबाई : माजा बी तितंच हाय.

भिमाजी : अरं वा. मंग वळखत आसतील एकमेकाला.

झुंबरबाई : आसतील. हात धुवा. भाकर वाढते.

भिमाजी : येनार हाय का तुमचा?

झुंबरबाई : शनिवारी. बायकोला, लेकरांस्नी घेऊन. लेणी बघाया.

भिमाजी : शनिवारी लय गर्दी. सकाळच्याला या म्हनावं. सकाळी ऊन पार आतपतुर जातं, दगड पिवळाधमक दिसतो. मंग दिसभर तसं न्हाई दिसत. लेकरांस्नी मी दावीन समदं. फकस्त हत्तीवर बसू द्यायचं न्हाई.

झुंबरबाई : न्हाई बसायची. गुनाची हाय नात. (त्यांचे कपडे पिशवीत भरू लागते.)

भिमाजी : तुमी पिशवी कुनाची भरताय? गावाला चाललाय का?

झुंबरबाई : …ऐका हिकडं. तुमच्याशी मी आयुष्यभर भांडले. खोटं कवा बोलले न्हाई. आता म्हातारपनी शिकायचं म्हनलं तर जमंना झालंय. ही पिशवी तुमची हाय. लेणी बघून झाली की अमृत तुमास्नी गाडीत घालून नेनार हाय. बेंगलोरला, दवाखान्यात. मला म्हनला, सांगू नगं. मी सांगतीय.

भिमाजी : मला? का म्हनून?

झुंबरबाई : तुमास्नी आताशा ध्यान ऱ्हात न्हाई. काल मला घराबाहेर काढलं.

भिमाजी : तुमास्नी?

झुंबरबाई : मला.

भिमाजी : थंडीत?

झुंबरबाई : मंग, उनात व्हय?

भिमाजी : चुकलं मावशी. पन ते काढावंच लागतं बगा. आन बेंगलोरला कसं जाऊ? आधी पब्लिक उतरतं, मंग मी. कुनी वर ऱ्हायलं म्हंजी?

झुंबरबाई : नवा गार्ड हाय की. नवलाख उंबरे गावच्या कंपनीतनं आलाय, तरनाताठा हाय.

भिमाजी : त्यो शिट्टी मारतो आन चालाय लागतो. आत शिरून बघत न्हाई. खोल्या अंधाऱ्या, दगडाचं बाक हायत तितं. एकादी म्हातारी जरा टेकली, डोळा लागला, शिट्टी ऐकू न्हाई आली, तर? जाळी लावली की ऱ्हायली ना ती आत. रातभर. गारठ्यात.

झुंबरबाई : कोन म्हातारी?

भिमाजी : माजी मंडळी.

झुंबरबाई : …ती कशाला येतीया वर?

भिमाजी : मला बलवाया येती. गुडघं धरल्यात तिचं, पन येती. लय हेकट. बस म्हनलं तर बसायची न्हाई, चल म्हनलं तर निगायची न्हाई. म्हनून मी एकेक खोली बघतो. हाक मारतो. तिला मागं ठिवून मी फुडं कसा उतरू?

झुंबरबाई : म्हनून रोज बघता व्हय खोल्याखोल्यातनं?

भिमाजी : तिच्यापायीच. तुमास्नी तरास झाला, त्याचं वाईट वाटून घेऊ नगा. तुमी बी कुनाच्या तरी घरच्या हायसा.

झुंबरबाई : हाय.

भिमाजी : भाकर करपतीया.

झुंबरबाई : करपू द्या. भाकर व्हईल दुसरी. आता मी बोलते ते ऐका, मधी बोलायचं न्हाई. जन्मभर तुमी शेवटी उतरलात. लेक झाला तवा बी. मी हितं शिव्या घालत भाकर झाकून बसले. त्ये चुकलं तुमचं, आन ते मी मरंपतुर बोलनार. पन शनिवारी तुमी म्होरं उतरायचं, नातीचं बोट धरून. अमृतला सांगते, माजं बी तिकीट काढ म्हनून. शबुद गेला तर गेला. वरच्या खोल्या मी बघीन, हितल्या बी मी बघीन, हाक मारून, एकेक. मंग कुलूप लावीन आन मागनं येईन. तुमची मंडळी आत ऱ्हायची न्हाई.