फ्रिजचं दार उघडलं म्हणजे बाबा जेवले!

नाही पण मला सांगा, फ्रिजचं दार उघडलं म्हणजे माणूस जेवला, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तुम्हाला सांगतो, बायको गेली, मी एकटा पडलो, तर दुसऱ्या शहरातल्या माझ्या मुलीने काय करावं... फ्रिजला बटणाएवढं यंत्र चिकटवलं! दार उघडलं की तिकडे तिच्या मोबाइलवर नोंद. आधी रोज फोन असायचा, "बाबा, जेवलात का?" आता फोनच बंद! का? तर नोंद आहे ना! मी केला तर, "मीटिंगमध्ये आहे बाबा, आणि तुम्ही मस्त आहात, दिसतंय मला!"

अहो, काय दिसतंय? मी दार उघडतो ते आतला दिवा लागतो म्हणून! तेवढंच बरं वाटतं. आत असतं काय, तर अर्धं लिंबू आणि डोळ्यांत घालायचे थेंब. पण बोलणार कुणाला? चौतीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी तपासलं, तिला लहानपणापासून मीच शिकवलं, "बोलण्यावर जाऊ नकोस बाळा, नोंद बघ." घ्या!

मग म्हटलं, आपणही करू एक प्रयोग. परवा दिवसभर फ्रिजला हात लावला नाही. दोन बिस्किटं खाल्ली आणि फोन मांडीवर घेऊन बसलो... आता घाबरेल, फोन करेल, थोडी रडेल, मी म्हणेन, "अगं वेडे, आहे मी!" सगळं पाठ करून ठेवलं होतं हो! अकरा वाजले, एक, तीन... चारला बेल! फोनची नाही, दाराची. टक्कल पडलेले एक गृहस्थ, हातात पेटी. "काका, यंत्र बिघडलंय अशी तुमच्या मुलीची तक्रार आहे."

यंत्र! बापाचं काही नाही, यंत्राची काळजी! आणि हेही मीच शिकवलेलं बरं का, "आकडा विचित्र आला की आधी यंत्र तपासायचं." पोरगी हुशार निघाली, माझंच नशीब!

माणूस मात्र भला. पाणी प्यायला, बसला, स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल बोलला... महिन्याभरात घरात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा आवाज! मग उठून त्याने फ्रिजचं दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं, सात वेळा. "काही बिघाड नाही काका, नोंद होतेय," म्हणाला आणि गेला.

दोन मिनिटांत मुलीचा मेसेज! जीवात जीव आला हो माझ्या. वाचतो तर, "बाबा, एका दमात सात वेळा? या वयात इतकं खाऊ नका, सोसणार नाही."

पोटात कावळे ओरडत होते... पण नोंद आहे ना, वाद कुणाशी घालणार? "बरं, कमी करतो," असं कळवून टाकलं.